वेदगंगेची जाळी : प्रकल्प नोंदी

6 एप्रिल, बेळगाव

काम ठरलं. निपाणीजवळ यमगर्णीच्या पुलापाशी वेदगंगा पसरायला लागली की पाणी आधी कुठल्या शिवारात शिरतं, ते संगणकावर पाहायचं. 2019 च्या ऑगस्टमध्ये आणि 2021 च्या जुलैमध्ये तिथं पुणे-बेंगळुरू महामार्गावर पाणी आलं होतं. मावसभावाचा, म्हणजे दादाचा, ऊस त्याच पट्ट्यात आहे. प्रश्न त्याचा, लॅपटॉप माझा आणि कोड सरांचा: उथळ पाण्याची समीकरणं सोडवणारा, फोर्ट्रान या जुन्या संगणकभाषेतला. सरांनी पेनड्राइव्ह हातात दिला आणि म्हणाले, "चालव, पण आधी वाच."

जमिनीची उंची एसआरटीएमची घेतली. फेब्रुवारी 2000 मध्ये एंडेव्हर यानानं रडारनं मोजलेली. आमच्या भागाची टाइल, म्हणजे एक अंश लांब-रुंद तुकडा, एन16ई074; हे नाव तिच्या नैर्ऋत्य कोपऱ्याचं. फाइलमध्ये 3601 गुणिले 3601 पूर्णांक, प्रत्येकी दोन बाइट, एकूण 2,59,34,402 बाइट. त्यापलीकडे एक अक्षर नाही, वर मथळासुद्धा नाही. रांगा उत्तरेकडून सुरू होतात, रांगेतले आकडे पश्चिमेकडून, आणि आकड्याचा मोठा (जास्त किमतीचा) बाइट आधी येतो, हे सगळं आपल्याला बाहेरून माहीत असावं लागतं.

आपल्या लॅपटॉपचे प्रोसेसर लहान बाइट आधी धरतात. मुद्दाम तसंच वाचून पाहिलं: 560 मीटरची जागा 12290 मीटर झाली. निपाणी एव्हरेस्टच्या वर. असली गडबड मला आवडते, कारण ती लपत नाही.

8 एप्रिल

यमगर्णीभोवतीचा तुकडा कापला. पूर्व-पश्चिम 480 सेल (उंचीच्या एका आकड्यामागे जमिनीचा एक छोटा चौकोन), दक्षिण-उत्तर 320. चौरस तुकडा मुद्दाम घेतला नाही. चौरस ग्रिडमध्ये, म्हणजे सेलच्या जाळीत, रांगा आणि स्तंभ यांची अदलाबदल झाली तरी काहीच अडत नाही, चित्र फक्त कर्णावर उलटतं, आणि अनोळखी जमिनीचं चित्र उलटलंय हे कुणाच्या बापाला कळणार?

सेलही चौरस नाहीत. टाइलमधल्या दोन आकड्यांत एक आर्क सेकंदाचं (अंशाच्या 3600 व्या भागाचं) अंतर, म्हणजे या अक्षांशावर दक्षिण-उत्तर सुमारे 30.7 मीटर, पूर्व-पश्चिम सुमारे 29.7. सगळीकडे 30 धरतात त्यांनी धरावं. मी दोन्ही वेगळे ठेवले, कारण एक्स-वायची कुठं अदलाबदल झालीच तर हा एक मीटरचा फरक कधीतरी चहाडी करेल.

वेळेचं पाऊल 2 सेकंद, म्हणजे कोड दर 2 सेकंदांनी पाण्याची नवी स्थिती काढतो; तेवढ्यात लाटेनं एक सेल ओलांडता कामा नये. 4 मीटर खोल पाण्यात लाट सेकंदाला 6.3 मीटर धावते, वर प्रवाहाचे 2 मीटर धरले तरी एक सेल ओलांडायला साडेतीन सेकंदांहून जास्त लागतात. म्हणजे हाताशी पुरेशी सवड आहे.

13 एप्रिल

पहिलं चित्र आलं आणि त्यात दोन नद्या निघाल्या.

सरांच्या फाइल्ससोबत चित्र काढायची एक पायथनची स्क्रिप्ट आहे, कुणा विद्यार्थ्यानं लिहिलेली असावी. चित्रात दोन तुटक निळ्या रेषा एकमेकींना समांतर चालल्या होत्या. दादाला फोटो पाठवला तर त्याचं लगेच उत्तर: "एक वेदगंगा, दुसरी दूधगंगा. भारी की!" दूधगंगा आमच्या तुकड्यात येतच नाही, ती बरीच उत्तरेला आहे. पण दोन रेषा दिसल्या की डोळा त्यांना नावं देऊन मोकळा होतो.

कारण सरळ होतं. फोर्ट्रानमध्ये पहिला निर्देशांक (सेलचा क्रमांक, इथं पूर्व-पश्चिम) सर्वांत वेगानं पळतो, म्हणून फाइलमध्ये आधी अख्खी दक्षिण रांग, मग तिच्यावरची, असं येतं. पायथनमध्ये आकडे हाताळणाऱ्या नमपायच्या सवयीप्रमाणे शेवटचा निर्देशांक वेगानं पळतो. म्हणजे वाचताना आकार 320 रांगा, 480 स्तंभ असा द्यायला हवा. स्क्रिप्टमध्ये 480, 320 होता. गुणाकार दोन्हीकडून 1,53,600 च, त्यामुळे आकार देणाऱ्या रीशेपनं तक्रार केली नाही.

कागदावर मांडून पाहिलं. 480 ची रांग 320 च्या मापानं कापली की दर तीन खोट्या रांगांत दोन खऱ्या रांगा बसतात. खऱ्या 200 व्या स्तंभातला सेल एकदा 200 वर दिसतो, पुढच्या खेपेला 40 वर. कुठलाही स्तंभ घ्या, त्याच्या दोन प्रती होतात आणि त्यांत बरोबर 160 सेलचं अंतर पडतं. चित्रात मोजलं: 160. असा दोष आकड्यानिशी पकडता आला की बरं वाटतं. नुसते निर्देशांक उलटेपालटे करत "आता जमलं" म्हणण्यात काही अर्थ नाही.

15 एप्रिल

नदी एकच झाली. पण फाइलचा आकार 6,14,408 बाइट. हिशोबानं 1,53,600 गुणिले 4, म्हणजे 6,14,400 हवा. आठ बाइट कुठून आले?

फोर्ट्रानची साधी बायनरी फाइल प्रत्येक नोंदीच्या आधी आणि नंतर नोंदीची लांबी लिहून ठेवते, चार-चार बाइट. आमचे आकडेही चार बाइटचेच. म्हणजे सुरुवातीची खूण स्क्रिप्टला एक आकडा वाटते, पुढचं सगळं एक सेल पूर्वेला सरकतं आणि प्रत्येक रांगेचा शेवटचा सेल पुढच्या रांगेच्या सुरुवातीला जाऊन बसतो. स्क्रिप्टमध्ये किती आकडे वाचायचे ते ठरवून दिलेलं, त्यामुळे शेवटचे जास्तीचे बाइट कुणी पाहिलेच नाहीत.

खरी गंमत पुढे. 614400 ही पूर्णांक खूण दशांश आकडा म्हणून वाचली तर 10 च्या उणे 40 व्या घाताच्या आसपास येते. चित्रात ते शून्य, म्हणजे कोरडी जमीन. कोपऱ्यात एखादा वेडा ठिपका दिसेल म्हणावं तर तोही नाही. आठ बाइटचे आकडे असते तर सगळी फाइल कचरा दिसली असती आणि पहिल्या मिनिटात कळलं असतं. फाइल आता स्ट्रीम पद्धतीनं उघडते, खुणा येत नाहीत. वाचण्याआधी आकार तपासायची एक ओळही घातली.

20 एप्रिल, निपाणी

दादाच्या घरी लॅपटॉप नेला. खोलीचं चित्र त्याला पटलं: ओढा कुठं मिळतो, कुठला सखल भाग आधी भरतो, सगळं ओळखीचं. मग वेगाचे बाण लावले.

"अगं, हे पाणी उलटं कुठं चाललंय? वेदगंगा भोजकडं जाती, संगमाला. तुझी तर निपाणीच्या माळावर चढाली."

निळा पट्टा ईशान्येला जात होता आणि त्यावरचे बाण आग्नेयेला.

टाइलमध्ये शून्य रांग उत्तरेची. सरांच्या कोडमध्ये पहिली रांग दक्षिणेची. पायथनमध्ये चित्र काढणारं मॅटप्लॉटलिबचं इमशो पहिली रांग वर काढतं. जमीन टाइलच्या क्रमानं तशीच आत गेली, कोडनं ती आडव्या आरशातली म्हणून चालवली, आणि इमशोनं ती पुन्हा उलटवून सरळ केली. दोन उलट मिळून एक सुलट. गुरुत्वाकर्षणाला उत्तर-दक्षिण कळत नाही, म्हणून खोलीचे आकडेही बरोबर. फक्त बाण दोनदा उलटले नाहीत: कोडच्या लेखी उणे वेग म्हणजे "खाली", आणि बाण काढणाऱ्यानं तो खाली काढला.

खोली हा नुसता आकडा, त्याला दिशा नाही. मांडणी उलटली तरी तो तोंड उघडत नाही. बाण बोलतात. इथून पुढे कुठलंही नवं चित्र आधी बाणांसकट काढायचं आणि नदीकाठच्या माणसाला दाखवायचं. जमिनीच्या रांगा आत घेतानाच उलटल्या, चित्राला मूळ कोपरा खाली म्हणून सांगितलं.

27 एप्रिल

वेगांचे अ‍ॅरे (आकड्यांचे तक्ते) खोलीपेक्षा मोठे आहेत: पूर्व-पश्चिम वेगाचे 481 स्तंभ, दक्षिण-उत्तर वेगाच्या 321 रांगा. खोली सेलच्या मध्यात आणि वेग सेलच्या कडांवर, अशी ही सरकवलेली ग्रिड. हार्लो आणि वेल्च यांनी 1965 मध्ये वापरली ती मांडणी. हवामानवाले हिला अराकावाची सी-ग्रिड म्हणतात. सगळं मध्यातच ठेवलं तर एकाआड एक वर-खाली जाणारी बुद्धिबळाच्या पटासारखी नक्षी उमटू शकते आणि समीकरणांना ती दिसतच नाही. कडेवर वेग ठेवला की शेजारच्या दोन सेलमधला फरक थेट त्या कडेवर लागतो.

चित्रासाठी दोन कडांची सरासरी घेऊन बाण मध्यात आणला. मात्र पाण्याचा जमाखर्च या सरासरी वेगांवरून तपासायचा नाही. कोड पाणी कडांवरून मोजतो आणि तिथं हिशोब जुळतो. सरासरीवरून केला तर नसलेली गळती दिसते. पॅराव्ह्यू या चित्रं काढणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये तसा आलेख काढून पाहिला: नदीच्या वळणावर पाणी "नाहीसं" होतंय. कुठंही जात नाही ते.

1 मे

शिवजयंतीचे चित्ररथ. रस्ते बंद, काम बंद.

5 मे

खऱ्या जमिनीवरून उतरून साधी परीक्षा. आधी धरणफुटीवरचं रिटरचं 1892 चं उत्तर: कोरड्या सपाट तळावर धरण एकाएकी नाहीसं झालं तर त्या जागी खोली मूळ खोलीच्या 4/9 राहते. 1 मीटर पाणी ठेवलं, 0.44 आलं. पास.

मग 301 गुणिले 301 चौरस ग्रिड, 30 मीटरचे सेल, मधोमध पाण्याचा गोल खांब, आणि सोडला. वर्तुळ पसरायला हवं. पसरलं ते अंडं, ईशान्येकडे फुगलेलं.

निर्देशांकांची अदलाबदल करून फरक घेतला तर शून्य. उत्तर-दक्षिण उलटून घेतला तर शून्य नाही, पूर्व-पश्चिम उलटूनही नाही. म्हणजे अंडं कर्णावर नेमकं सारखं आहे. एवढी एकच परीक्षा घेतली असती तर कोड निर्दोष ठरला असता.

सापडलं ते असं. पातळीतली बारीक थरथर मारायला कोड दर पावलाला प्रत्येक सेलमध्ये चार शेजाऱ्यांची थोडी सरासरी मिसळतो, आणि हे त्याच अ‍ॅरेत, जागच्या जागी. सेलची पाळी येते तेव्हा त्याचे पश्चिमेचे आणि दक्षिणेचे शेजारी नवे झालेले असतात, पूर्वेचे आणि उत्तरेचे जुनेच. नवी माहिती एका फेरीत ईशान्येकडे दूरवर ओढली जाते.

मला वाटलं, सेलवरून फिरणाऱ्या दोन लूपची (फेऱ्यांची) आतबाहेर अदलाबदल केली की अंडं फिरेल. शेवटच्या अंकापर्यंत तेच आलं! विचार केल्यावर बरोबर आहे: आतला लूप कुठलाही असो, चारच शेजारी असताना दक्षिण आणि पश्चिमच आधी नवे होतात. अंडं फिरवायचं तर रांगांचा क्रम उलटावा लागतो. उत्तरेपासून रांगा ठेवल्या की फुगवटा आग्नेयेला. म्हणजे 20 एप्रिलआधीची आमची वेदगंगा एका बाजूला किंचित झुकत होती, नंतरची दुसऱ्या बाजूला. खोलीच्या आकड्यांना दिशा नसते हे तिथं लिहिलंय, ते या सरासरीपुरतं खरं नाही.

11 मे, सरांकडे

सरांना अंडं दाखवलं. चष्मा वर करून पाहिलं आणि हसले. "अगं, तेव्हा मेमरी होती कुठं? दुसरा अ‍ॅरे ठेवायला जागा नसायची. त्या सरासरीच्या फिल्टरचं वजन अगदी बारीक ठेवलं होतं, म्हणून चालून जायचं." वजन खरंच बारीक होतं. पुढे कुणीतरी ते वाढवलेलं आहे, ओळीवर टिप्पणी नाही.

आता दोन अ‍ॅरे: एकातून वाचायचं, दुसऱ्यात लिहायचं, पावलाच्या शेवटी अदलाबदल. वर्तुळ गोल झालं, पण शेवटच्या अंकात अजून किरकोळ फरक. सर म्हणाले, कंस घाल. पश्चिम अधिक पूर्व एका कंसात, दक्षिण अधिक उत्तर दुसऱ्या, मग त्यांची बेरीज. दशांश आकड्यांच्या बेरजेत दोघांची अदलाबदल चालते, पण तिघांचा क्रम बदलला की पूर्णन (जवळच्या मावणाऱ्या आकड्यावर नेणं) बदलतं. जोड्या केल्या की ग्रिड कशीही उलटा, बेरीज बिटागणिक तीच. कोडचा प्रोग्राम बनवणाऱ्या कंपायलरला वेगासाठीचा ओफास्ट पर्याय दिला तर कंस पाळायचं त्याचं बंधन सुटतं, म्हणून तो काढला.

काकूंनी थालीपीठ केलं होतं. कोडपेक्षा जास्त वेळ त्यात गेला.

18 मे

पाऊस घातला, ताशी 20 मिलिमीटर. कित्येक तास पाडला, माळावर थेंब साचला नाही. जिरणं बंद ठेवलेलं, तरीही.

कोड खोली साठवत नाही, समुद्रसपाटीपासूनची पाण्याची पातळी साठवतो, तीही चार बाइटमध्ये. 512 ते 1024 मीटर या पट्ट्यात चार बाइटच्या दोन लगतच्या आकड्यांत 0.061 मिलिमीटर अंतर असतं. आमचा तुकडा याच पट्ट्यात. ताशी 20 मिलिमीटर म्हणजे दोन सेकंदांच्या पावलाला 0.011 मिलिमीटर. अर्ध्या अंतरापेक्षा कमी, त्यामुळे बेरीज पूर्णन होऊन पुन्हा मूळ पातळीवर येते. दर वेळी, तास न् तास.

उलट बाजूही पाहिली. ताशी 60 मिलिमीटर म्हणजे पावलाला 0.033, अर्ध्याहून जरा जास्त. ते वर सरकून 0.061 होतं आणि माळावर ताशी 110 मिलिमीटरचा पाऊस साचतो. रिमझिम गायब आणि धो-धो दुप्पट. मधला पाऊस नाहीच. समुद्रकाठच्या गावासाठी हाच कोड कुरकुर न करता चालला असता.

आता जमिनीची उंची वेगळ्या अ‍ॅरेत आणि खोली वेगळ्या. शून्याजवळच्या खोलीला चार बाइटही भरपूर होतात. तरी हिशोब आठ बाइटमध्ये करते, चार बाइट फक्त फाइलमध्ये लिहिताना.

23 मे

वेग. मूळ कोडमधले काही लूप दुसऱ्या निर्देशांकावर आधी चालतात, म्हणजे मेमरीत रांग सोडून रांग उड्या मारत. प्रोसेसर एका वेळी 64 बाइट उचलतो, त्यात आठ बाइटचे आठ आकडे येतात. लागून वाचले तर आठही वापरले जातात, उड्या मारल्या तर एक. लूप फिरवले, फरक घड्याळाशिवाय कळला.

तुकडा सोयीसाठी 512 स्तंभांचा करून पाहिला आणि उभं वाचन फारच मंदावलं. 512 गुणिले 8 म्हणजे 4096 बाइट. पुष्कळ प्रोसेसरांच्या पहिल्या पातळीच्या कॅशमध्ये (प्रोसेसरमधल्या छोट्या, वेगवान मेमरीत) 4096 च्या पटीत अंतर असलेल्या पत्त्यांना एकाच कप्प्यात जागा मिळते आणि त्यात 64 बाइटच्या आठच ओळी मावतात. रांगेला आठ फाजील सेल जोडून 520 केले, अडचण गेली. पण हे फाजील सेल आणि कडेचे आभासी सेल (हिशोबाच्या सोयीसाठी तुकड्याबाहेर धरलेले) फाइलमध्ये लिहायचे नाहीत.

30 मे

हे सगळ्यांत महत्त्वाचं, आणि ते कोडमध्ये नाही.

महामार्गाचा भराव टाइलमध्ये नीट येत नाही, म्हणून रस्त्याच्या ओळीतले सेल 3 मीटर उचलले. हे माझं गृहीतक, मोजमाप नाही. मध्यम पुराचा प्रयोग चालवला. पॅराव्ह्यूच्या चित्रात रस्ता बुडालेला. दादाला चित्र पाठवायच्या बेतात होते, तेवढ्यात त्या सेलचे आकडे पाहिले. खोली शून्य. संपूर्ण वेळ शून्य.

पॅराव्ह्यूमध्ये किंमत सेलची असू शकते किंवा बिंदूची. सेलची असेल तर सेल एकाच रंगात भरतो. समोच्च रेषा काढायच्या तर बिंदू लागतात, म्हणून सेलवरून बिंदूंवर नेणारा फिल्टर लावावा लागतो, आणि तो आजूबाजूच्या सेलची सरासरी करतो. रस्ता एका सेलइतकाच रुंद. पश्चिमेला पाणी 2.4 मीटर, रस्त्यावर 0, पूर्वेला 1 मीटर. रस्त्याच्या पश्चिम कडेवर सरासरी 1.2, पूर्व कडेवर 0.5, आणि मध्यावर चित्र दाखवतं 0.85 मीटर. कोरड्या रस्त्यावर मांडीभर पाणी.

चित्र दिसतं मात्र सुंदर, गुळगुळीत, खऱ्या पुरासारखं. सेलचे ठोकळे दाखवणारं चित्र ओबडधोबड आणि खरं. कुणाला पाठवायचं चित्र हे ठोकळ्यांचंच असेल. पॅराव्ह्यूसाठीच्या व्हीटीके फाइलमध्ये आता परिमाणं 481, 321, 1 अशी कोपऱ्यांची देते आणि 1,53,600 किंमती सेलच्या म्हणून. 480, 320 देऊन बिंदूंच्या म्हणून लिहिल्या तरी फाइल उघडते, फक्त सगळं अर्धा सेल सरकतं आणि रंग रस्त्यावर उतरतो.

बायनरी लिहिताना मोठा बाइट आधी. जुन्या व्हीटीके फाइलला तसाच लागतो. 6 एप्रिलचीच गोष्ट, उलट्या बाजूनं.

4 जून

दादाला ठोकळ्यांचं चित्र पाठवलं. "हे काय, लहान मुलांच्या खेळासारखं?" आकड्यांसकट समजावल्यावर म्हणाला, "मग रस्ता कोरडा म्हणायचा?" म्हटलं, या भरावाला आणि या पाण्याला कोरडा. एसआरटीएमच्या उंचीत काही मीटरची चूक असू शकते आणि रडार उभ्या पिकाचा, झाडांचा शेंडाही मोजतं. त्यावरून पंचायतीत जाऊन कुणाला छातीठोक सांगू नकोस. त्याला ते पटलं. पण गावांची नावं मराठी आणि कानडी दोन्हीत हवीत म्हणाला, पंचायतीत दाखवायचं तर तेवढं पाहिजेच.

राहिलेलं: भरावाची खरी उंची पातळीयंत्रानं मोजून घेणं (दादाच्या ओळखीचा एक सर्व्हेअर आहे), पुलाखालची वाट ग्रिडमध्ये उघडणं, कानडी नावांतली जोडाक्षरं चित्रात तुटतात ते पाहणं.